बिनकामाचं बोट

जोयड्याचं जंगल बघायला लोक लांबून येतात. कुणाला वाघ बघायचा असतो, कुणाला रबरी होडीत बसून काळी नदीत भिजायचं असतं. मी गेलो ते एक बोट बघायला. तेही चिमणीच्या चोचीएवढं.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर लाकूड तासलं, अक्षर तासायची सवय नाही. पण परत आल्यापासून गावातले विचारतात, काय झालं, काय सांगून आलास. दर वेळी सांगताना काहीतरी सुटतं. म्हणून एकदा लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आम्ही खानापूरकडचे कुणबी. जातीनं सुतार नाही, हातानं सुतार. माझी बायको देवकी जोयड्याच्या जंगलातली, तिथल्या कुणब्यांच्या वाडीतली. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक बोट, नख असलेलं, हाड असलेलं. लग्नात लोकांनी ते बघून कुजबूज केली, मी हात धरून मोकळा झालो.

थंडी पडायला लागली तसा तिचा धाकटा भाऊ सोमा याचा फोन आला.

"दाजी, म्हादूला पोरगी झाली ते कळलंय न्हवं? तिला सहा बोटं हाईत. आक्कासारखी."

म्हादू म्हणजे सोमाचा मुलगा महादेव. सोमा पुढं बोलत होता.

"दवाखान्यात कापून टाका म्हणतेत. सूनबाईचं पण तेच. पर पार्वती ऐकत न्हाई. ती म्हणतीया, आक्काचं बोट हाय, आक्काच्या माणसानं बघून सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई."

पार्वती म्हणजे सोमाची बायको. त्यांच्या घरातली ही रीत मला माहीत होती. मेलेल्या माणसाची खूण नव्या पोरात दिसली, की त्या माणसाच्या घरच्यानं येऊन बघायचं आणि शब्द द्यायचा. तोवर त्या खुणेला कुणी बोट लावत नाही. आमच्याकडं असलं काही नाही. आमच्याकडं पोर जन्मलं की कुणावर गेलंय यावर भांडण होतं आणि चहा पिऊन मिटतं.

"येतो," म्हटलं. काय सांगायचं ते मी फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं. कापायचं नाही. देवकीचं या जगात तेवढंच उरलं होतं.

रामनगर

माळ्यावरून देवकीचा विळा काढला. कानशीनं पातं घासलं, मुठीला तेल दिलं. या मुठीची गोष्ट आधी सांगायला हवी. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत भात कापताना तिचं सहावं बोट मुठीच्या टोकाला घासून फोड आला. ती फडकं गुंडाळून कापत राहिली. मी धामणीच्या लाकडाची नवी मूठ केली आणि तिला अंगठ्यासकट सहा खाचा पाडल्या. शेवटची बारीक. तिनं विळा हातात धरला, मुठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाला उसना देता येणार न्हाई हा." झालं. एवढंच बोलली. पण तेव्हापासून पदराखाली हात लपवायचं तिनं सोडलं.

तो विळा त्या पोरीला द्यायचा असं मनात होतं. देवकीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातला. लोंढ्याच्या पुढं बस खड्ड्यात आदळली आणि विळ्याचं टोक पिशवी फाडून बाहेर आलं. कंडक्टर कानडी माणूस. तो टोकाकडं बघत म्हणाला, "काय अज्जा, कुणाला कापायला निघालास?"

"कापायला न्हाई," मी म्हटलं. "कापू नका म्हणायला निघालोय."

त्याला काही कळलं नाही. त्यानं तिकीट फाडलं आणि विळा सीटखाली सरकवायला लावला.

रामनगरात उतरलं की देवकी आधी मिरच्या घ्यायची. माहेरी मिरची होती, तरी घ्यायची. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि तिच्या मते रामनगरची मिरची जळजळत नाही, नुसती लागते. तिथला बाजार आपल्याच माणसांचा, मराठी बोलणारा. गोव्याकडं जाणारे ट्रक धूळ उडवत जातात आणि त्या धुळीतच भजी तळतात. या गर्दीत ती माझ्या सदऱ्याच्या बाहीत ते सहावं बोट अडकवून चालायची. हात धरायची नाही, लोक बघतात म्हणून. नुसतं बोट अडकवायची. मी थांबलो की बाहीला ओढ बसायची, कळायचं की ती मागं आहे.

या खेपेला मी एकटाच मिरच्या घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "मावशी कुठं?" मी वर बोट दाखवलं. त्यानं मिरच्या जास्त घातल्या.

वाडी

जोयड्याहून वाडीकडं जीप जाते. जीपमध्ये माणसं कमी आणि सामान जास्त. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. तिनं सगळा रस्ता माझ्याकडं संशयानं बघितलं. दोन्ही बाजूंनी जंगल, आणि मध्येच झाडं सरकून भाताची खाचरं दिसायची. भात कापून झालं होतं. नुसते बुडखे उरले होते आणि त्यांच्यावर सकाळचं धुकं रेंगाळत होतं. देवकी इथं आली की चपला काढून हातात घ्यायची आणि बांधावरून पुढं पळायची. म्हातारी झाली तरी पळायची. मी मागून ओरडायचो, पडशील. ती कधी पडली नाही. मी दोनदा पडलो.

घर तसंच होतं. पडवीत कंदांचा ढीग. थंडीत हे लोक जमिनीतले कंद काढतात, हत्तीच्या पायाएवढे मोठे सुद्धा. आमच्याकडं रताळं म्हणजे उपासाचं. इथं कंद हेच जेवण. उकडायचे, वर मीठ, लाल मुंग्यांची आंबट चटणी, आणि नाचणीची भाकरी. मी जावई म्हणून पहिल्यांदा आलो तेव्हा मुंग्या म्हटल्यावर घास अडकला होता. आता तीच चटणी आधी मागतो.

पार्वती मला बघून रडली. रडता रडताच म्हणाली, "दाजी, वाळलात. खाता का न्हाई?" मग आत जाऊन तिनं बाळ आणलं.

दुपट्यातून एक हात मोकळा केला. मी उजवा हात बघितला. पाच बोटं.

"तो न्हवं," सोमा म्हणाला. "डावा."

फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. विळ्याचं पातं उजव्या हाताचं असतं. डाव्या हातानं धरलं तर उलटं सरकतं आणि गुडघा कापतं. मी विळा पिशवीतून काढला नाही.

मग डावा हात बघितला. देवकीचं बोट बोटासारखं होतं. हे करंगळीच्या कडेला कातड्याच्या दोऱ्यावर लोंबत होतं. कोवळ्या काकडीला टोकाशी सुकलेलं फूल चिकटून असतं ना, तसं. आत हाड नाही. दुपट्याचा धागा अडकून बूड लाल झालं होतं.

"आक्काच," पार्वती म्हणाली. "बघा की दाजी. आक्काच आलीया."

कोपऱ्यात बाळाची आई उभी होती. शैला. रामनगरची पोर, बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. तिनं बाळ घेतलं आणि आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मामा, जेवून घ्या. शब्द नंतर द्या." आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात.

मोडके दांडे

सुतार जावई आला की या वाडीत पडवीत मोडके दांडे गोळा होतात. मागच्या वर्षभरात कुऱ्हाड, कुदळ, फावडं, जे काही मोडलं ते सगळं माझ्यासाठी जपून ठेवलेलं असतं. पूर्वी देवकी चिडायची. "माझ्या नवऱ्याला पावणा म्हणून बोलवता का हजेरीवर?" सोमा म्हणायचा, "आक्का, पावण्याला रिकामं बसवलं तर त्याला कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होतो. कानावर पेन्सिल, पायात लाकूड धरलेलं. शैला बाळाला पाजून आली आणि समोर कंद सोलायला बसली.

मग म्हणाली, "मामा, खरं सांगा. तुम्ही कापू नका म्हणून सांगायला आलाय."

"व्हय."

"का?"

"देवानं दिलंय तर कशाला तरी दिलं असेल."

"कशाला?"

मी म्हटलं, "तुझ्या आतेसासूचं बोट कामाचं होतं. विळा धरायची त्यानं."

"ते वापरलं त्यांनी. वापरणं वेगळं, आणि ते कशासाठी आलंय ते वेगळं." ती माझ्या डोक्याकडं बघून हसली नाही, पण हसल्यासारखं तोंड केलं. "तुमच्या कानावर पेन्सिल हाय. कान पेन्सिल ठेवायला आलाय का?"

मी पेन्सिल काढून खाली ठेवली. तिथं ती लगेच घरंगळली, म्हणून परत कानावर ठेवली.

"बरं," मी म्हटलं. "हा दांडा कशासाठी हे मला माहीत आहे, कारण तो मी करतो. कान कुणी केला? ज्यानं केला त्याला विचारायला पाहिजे."

"कुणीच केला न्हाई."

"मग तो ऐकण्यासाठी आहे असं तरी कसं म्हणतेस? कुणी ठरवलंच नाही तर कशासाठी काय आणि कशासाठी काय नाही."

तिनं सोललेला कंद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मला तिचं ते आवडलं. उत्तर नसताना बोलायची तिला घाई नव्हती.

"असं बघा," ती म्हणाली. "लई पूर्वी, ज्याला मागनं येणारा वाघ जरा जास्त ऐकू आला, तो पळाला आणि जगला. ज्याला न्हाई आला, तो गेला. जगला त्याला पोरं झाली, पोरांना तसलेच कान. असं होत होत कान इथवर आला. ऐकू येतं म्हणून तो टिकला. म्हणून तो ऐकण्यासाठी. ठरवून न्हाई मामा, उरून."

मी हातातल्या दांड्याकडं बघितलं. कुऱ्हाडीचा दांडा सरळ नसतो. मध्ये त्याला बारीक पोट असतं आणि टोकाशी तो जरा वळतो, म्हणजे घाव घालताना हातातून निसटत नाही. हे पोट मी काढलेलं नाही. माझ्या बापानंही नाही. बापानं आज्याचा दांडा बघून केला, आज्यानं त्याच्या बापाचा. कुणी बसून विचार केला असेल असं मला वाटत नाही. जे दांडे मोडले ते चुलीत गेले. जे राहिले त्यांच्यासारखे पुढचे केले. मोडणारे जळत गेले आणि न मोडणाऱ्यांचा आकार आमच्या हातात येऊन बसला.

हे मी तिला सांगितलं.

"तिथं दांडा बघून करणारा माणूस तरी होता," ती म्हणाली. "इथं तो पण न्हाई."

"माणूस नसेल. चूल होती की."

आता मात्र ती मोठ्यानं हसली. आतून पार्वती म्हणाली, "काय चाललंय गं?" शैला म्हणाली, "मामा शाळा घेतायत अत्ती." सासूला ती कानडीसारखं अत्ती म्हणते.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि सहावं बोट?"

"ते असंच आलं. पोटात हात घडताना एक फाटा जास्त फुटला. रक्तातनं येतं ते, या घरच्या. त्यानं कुणी वाचलं न्हाई, कुणी मेलं न्हाई. त्याला काम न्हाई."

"देवकीचं पण?"

तिनं कंद खाली ठेवला. "त्यांचं पण, मामा."

मी दांडा अर्धा ठेवून उठलो. रागावलो नव्हतो. पण लाकूड तासताना लक्ष दुसरीकडं गेलं तर पाय कापतो.

गणेशगुडी

महादेव गणेशगुडीला पाहुण्यांच्या होड्या चालवतो. दुपारी सोमानं मला तिकडं नेलं. म्हणाला, घरात बसून दोघी बायकांचे डोळे झेलण्यापेक्षा नदी बघा. नदी बघण्यासारखीच आहे. धरणातून सोडलेलं पाणी हिरवं, थंड, आणि इतका आवाज करतं की दोन माणसं शेजारी बसून न बोलता बरोबर बसू शकतात. शहरातली पोरं नारिंगी जाकिटं घालून होडीत किंचाळत होती. महादेव त्यांना कानडीत, हिंदीत, मराठीत, तिन्हीत शिव्या दिल्यासारखं समजावत होता.

पलीकडच्या झाडावर धनेश बसला होता. पिवळी मोठी चोच आणि तिच्यावर आणखी एक चोच उपडी ठेवल्यासारखं शिंग. मी सोमाला विचारलं, "ते वरचं कशाला?"

"कुणास ठाव. पावणे रोज इचारतात, म्हादू रोज नवं सांगतो."

आम्ही तिथून वर धरणाच्या बाजूला गेलो. सोमा एका जागी थांबला आणि भरलेल्या पाण्याकडं हात केला. "तितं आमचं जुनं घर. आक्काचं लगीन तिथनंच झालं." मला आठवत होतं. वरात त्या अंगणातून निघाली होती. फणसाखाली जेवणावळ होती आणि मला वाढताना तिनं डाव्या हातानं पदर धरून उजवा हात झाकून वाढलं होतं. आता त्या फणसावर मासे फिरत असतील.

"दाजी," सोमा म्हणाला, "एक सांगू? आक्कानं तुमाला सांगितलं नसंल."

"काय?"

"ते बोट तिनं तोडायला बघितलं होतं. अकरा-बारा वर्षांची असंल. पोरी बांगड्या भरायला बसल्या की हिला हसायच्या. ह्या घराच्या मागं बसून तिनं बोटाला वाखाचा दोरा आवळला. वाख मीच आणून दिला, मला काय कळत होतं. रात्रंदिवस आवळून ठेवला. बोट काळं-निळं पडलं, सुजलं, ताप आला, तवा आईनं बघितलं आणि दोरा कापला. माती लावली बोटावर आणि मला बडवला."

देवकीच्या त्या बोटाच्या बुडाशी एक वळं होतं. बारीक, गोल, अंगठीचा वण असतो तसं. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं, इतक्या वेळा त्यावरून अंगठा फिरवला होता. मला वाटायचं ते जन्मापासूनच तसं आहे. लाकडाला गाठीभोवती रेघ असते तशी. मी एकदा तिला म्हणालोसुद्धा होतो, देवानंच अंगठी घालून पाठवलंय. ती हसली होती. सांगितलं नव्हतं.

"ह्या पोरीसारखं लोंबतं असतं, तर तवाच गळून पडलं असतं," सोमा म्हणाला. "हाड होतं म्हणून उरलं."

शैलाचं बोलणं डोक्यात होतं. त्याला काम नाही. बरोबर आहे. अंगठ्याला काम, तर्जनीला काम, करंगळीलासुद्धा मूठ आवळायचं काम. भाकरी थापताना, भात लावताना, भावकीतल्या पोरांना न्हाऊ घालताना देवकीची पाच बोटं कुणा ना कुणाच्या कामात असायची. ते एक मोकळं असायचं. म्हणूनच ते माझ्या वाटणीला आलं. बाजारात बाहीला अडकायचं ते तेच, पहाटे पाठीवर टकटक करून उठवायचं तेही तेच. शेवटी दवाखान्यात तिचा हात सगळा सुयांनी भरला होता, तेव्हा धरायला मला तेवढंच मोकळं मिळालं.

पण ते देवकीचं. आणि देवकीबरोबर गेलं. या पोरीचं बोट माझ्यासाठी आलेलं नाही. त्यात अडकतोय तो दुपट्याचा धागा, आणि रडते ती.

"उद्या दांडेलीला जाऊ," मी सोमाला म्हटलं.

"कापायला?"

"व्हय."

"पार्वतीला तुमी सांगा. माझी छाती न्हाई."

शब्द

पार्वतीला मी चुलीपुढं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत, तोंडही थांबलं नाही.

"म्हंजे आक्का नको झाली तुमाला."

"पार्वती, देवकी असती तर तिनं स्वतः वाख आणला असता."

तिनं सोमाकडं असं बघितलं की सोमा बाहेर जाऊन गुरं नसलेल्या गोठ्यात उभा राहिला.

"ती आक्का न्हवंच मग?" पार्वतीनं जरा वेळानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"डावा हात आहे," मी म्हटलं. "देवकी उजव्यानं आली असती. तिला माझा विळा माहीत होता."

हे मी तिच्या समाधानासाठी बोललो, पण बोलताना मलाच धीर आला. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बसा मग. गरम खावा."

दांडेलीच्या दवाखान्यात काम लवकर झालं. डॉक्टर तरुण होता. कातड्याच्या दोऱ्याला भूल दिली, कापलं, टाका घातला. शैला बाहेर बाकावर बसून ओठ चावत होती. सायन्स शिकलेली, पण लेकरू आत रडलं तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली. म्हणाली, "मामा, काम नसलेलं असलं तरी दुखतंय की वो."

"दुखणारच. तिचंच होतं ते."

कापलेलं पार्वतीनं हळदीच्या कापडात बांधून आणलं आणि वाडीत नाळ पुरली होती त्याच माडाच्या बुडाशी पुरलं. शैलानं काही हरकत घेतली नाही. उलट खड्ड्याला पाणी तिनंच घातलं.

परत

निघायच्या दिवशी मी विळा पिशवीतून काढला. द्यायचा म्हणून नाही, पिशवी भरताना तळाशी हाताला लागला म्हणून. शैलानं तो बघितला. मुठीवर बोटं ठेवली. पाच खाचांत पाच बसली. सहावी रिकामी राहिली. तिनं त्या रिकाम्या खाचेत करंगळीचं टोक घालून बघितलं, आणि काढलं.

"हे तुम्ही त्यांच्यासाठी केलेलं?"

"व्हय. बोट असंच आलं होतं. खाच मात्र ठरवून केली होती."

ती म्हणाली, "ठेवून जावा मामा. पाळण्याखाली लोखंड लागतंय अत्तींना. इतके दिवस माझी कात्री ठेवलीया, मला कापडाला मिळत न्हाई."

"खाच बुजवू का? भुसा आणि डिंक घालून होते."

"नको. राहू दे."

विळा पाळण्याखाली गेला. भात कापायला केलेली वस्तू, आता भुतांपासून पोर राखते. विळ्यानं तक्रार केली नाही.

जोयड्याला जाणारी जीप एकच, आणि तिच्यावर पुढची बस अवलंबून. सोमा रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता, जीप दिसली की हाक मारायला. मी बाळाला बघायला पाळण्याशी वाकलो. डाव्या हाताला पांढरी पट्टी. उजवा हात उघडा. मी सहज तळव्याला बोट लावलं आणि तिची मूठ मिटली. चांगली घट्ट. पकडीत धरल्यासारखी.

"धरलं की हिनं," मी म्हटलं.

"सगळी तान्ही धरतात," शैला पाळण्याची दोरी धरून म्हणाली. "माकडाचं पिल्लू आईच्या केसांना धरतं न्हवं का, ही त्यातलीच मूठ. आता आयांच्या अंगावर तसले केस न्हाईत. तरी मूठ ऱ्हायलीया. थोडी मोठी झाली की आपोआप जाते."

"म्हणजे हिला पण काम नाही आता?"

"न्हाई मामा. आता कायच काम न्हाई."

खालून जीपचा भोंगा वाजला. सोमानं हाक मारली, "दाजी." मग जरा मोठ्यानं, "दाजी, आली." शैला माझ्याकडं बघत होती. बोट सोडवून घेणं काही अवघड नव्हतं. तान्ह्या पोराची मूठ ती, जरा वळवली की सुटते.

जीप परत वाजली आणि गेली. कोंबड्यांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

सोमा धापा टाकत वर आला. "काय वो, गेली की गाडी. हाका मारून घसा फाटला."

"जाऊ दे," मी पाळण्याशी वाकलेलाच, बोट तिच्या मुठीत ठेवून म्हटलं. "तुझ्या कुऱ्हाडीचा दांडा अर्धाच राहिलाय."